प्रॉक्सीमागच्या लॅबमध्ये ॲप्टची ‘बॅडसिग’ कुठून येते आणि कशी काढायची

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या सहायकांनी विचारलं आहे. लॅबमध्ये ४० मशीन, सगळ्यांवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स (टोपणनाव ‘जॅमी’), आणि तिच्यावर पॅकेजं उतरवून बसवणारा प्रोग्राम म्हणजे ॲप्ट. तीच तीच पॅकेजं चाळीसदा उतरू नयेत म्हणून एका जुन्या डेस्कटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी (एकदा उतरलेली फाइल साठवून बाकीच्यांना देणारा कॅशर) बसवला आहे. तो थेट बाहेर जात नाही, कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये स्क्विड हा प्रॉक्सी, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बाहेरून फाइली आणणारा आणि साठवणारा प्रोग्राम, आहे, त्याच्यातून जातो. काही महिने सुरळीत चाललं. आता निम्म्या मशीनवर ‘जॅमी-अपडेट्स’ आणि ‘जॅमी-सिक्युरिटी’ला ‘बॅडसिग’ (फाइलवरची डिजिटल सही जुळत नाही) येतं. शिवाय एका डेटाबेसच्या बाहेरच्या रिपॉझिटरीला (पॅकेजांच्या भांडाराला) ‘नो पबकी’ (सही तपासायची किल्ली नाही) येतं. उबुंटूच्या किल्ल्या पुन्हा पुन्हा टाकून झाल्या, फरक नाही. लॅबमधलाच एक लॅपटॉप घरी नेऊन पाहिला तर उबुंटूची बॅडसिग गायब. आता कोणीतरी सल्ला दिलाय की सोर्सेसच्या, म्हणजे पॅकेजं कुठून आणायची त्या यादीच्या, ओळीत ‘ट्रस्टेड इज इक्वल टू येस’ (सही न तपासता विश्वास ठेव) लिहून मोकळे व्हा. लिहू का?

लिहू नका. आणि उबुंटूच्या किल्ल्या टाकणंही थांबवा. तुमच्या दोन तक्रारी आहेत, दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकाच स्क्रीनवर दिसतात म्हणून त्या एक वाटतायत. बॅडसिगचा किल्लीशी काही संबंध नाही. नो पबकीचा कॅशशी जवळपास नाही. आधी बॅडसिग बघू, कारण खरी डोकेदुखी ती आहे.

‘घरी चालतं, लॅबमध्ये चालत नाही’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण निम्मं निदान त्यातच आहे. मशीन तेच, त्यातल्या किल्ल्या त्याच, सोर्सेसची यादी तीच. बदलला तो फक्त रस्ता. म्हणजे रस्त्यात कोणीतरी फाइल बदलून, कापून किंवा शिळी देतंय. माझ्या अनुभवात यामागे कोणाचा वाईट हेतू जवळपास कधीच नसतो. एखादी कॅश आपलं काम जरा जास्तच मनापासून करत असते.

तरीही सही तपासणं बंद का करू नये? उबुंटूची पॅकेजं बहुतेक ठिकाणी साध्या एचटीटीपीवरून येतात. वाटेत कोणी वाचू शकतं, बदलू शकतं, आणि ते चालतं ते केवळ सहीच्या भरवशावर. जानेवारी २०१९ मध्ये ॲप्टमध्येच एक भोक सापडलं होतं, सीव्हीई-२०१९-३४६२. सर्व्हरने ‘फाइल दुसरीकडे आहे, तिकडे जा’ असं सांगितलं की ते उत्तर हाताळण्यात चूक होती, आणि वाटेत बसलेल्याला त्यातून स्वतःचं पॅकेज रूट (मशीनवर सगळे अधिकार असलेला युझर) म्हणून बसवून घेता येत होतं. दुरुस्ती तातडीने आली. त्या वेळी गडबड उडाली ती सही तपासण्याची साखळी चुकवता येत होती म्हणूनच. ‘ट्रस्टेड येस’ लिहिलं की तुम्ही ती साखळी स्वतःच काढून ठेवता, कायमची. आणि तुमच्या नेटवर्कवर बसतं कोण? सायबर सिक्युरिटीचं प्रॅक्टिकल नुकतंच शिकलेली तिसऱ्या वर्षाची पोरं. एआरपी स्पूफिंग (दुसरंच मशीन असल्याचं भासवून नेटवर्कच्या वाटेत बसणं) त्यांच्या जर्नलमध्येच असतं. त्यांना मोह होईल असं काही लॅबमध्ये ठेवू नये.

आता साखळी कशी चालते ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं मंत्र म्हटल्यासारखं होईल. डेबियन-उबुंटूमध्ये प्रत्येक डेब फाइलवर, म्हणजे पॅकेजच्या फाइलवर, सही नसते. सही असते ती एकाच छोट्या फाइलवर, तिचं नाव इनरिलीज. तिच्यात पॅकेजेस नावाच्या याद्यांचे शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे) असतात आणि त्या याद्यांमध्ये एकेका डेब फाइलचा हॅश. म्हणजे इनरिलीजची सही पटली की तिच्याखालचं सगळं हॅशवरून पटवता येतं. काही जुन्या किंवा हौशी रिपॉझिटरींमध्ये इनरिलीज नसते. तिथे रिलीज ही एक फाइल आणि तिची सही रिलीज-डॉट-जीपीजी या वेगळ्या फाइलमध्ये, अशी जोडी असते. ॲप्ट आधी इनरिलीज मागतं, नाही मिळाली तर या जोडीकडे वळतं.

ही जोडी कॅशमधून आली की घोळ कसा होतो? लोकलचा पास आठवा, त्यावर ओळखपत्राचा नंबर लिहिलेला असतो. पास खरा, ओळखपत्रही खरं, पण नंबर जुळला नाही तर टीसी पकडणारच. तसंच इथे रिलीज आजची आणि सही परवाची. दोन्ही अस्सल, पण एकमेकींच्या नाहीत. ॲप्ट म्हणतं बॅडसिग. इनरिलीज एकच फाइल असल्यामुळे हा धोका तिथे टळतो, आणि ती मुळात आणली गेली याचं हेही एक कारण आहे. तरी तुम्हाला उबुंटूच्या इनरिलीजवरच बॅडसिग येतेय. याचा अर्थ ती एकच फाइल आतून बिघडलेली आहे: मधेच तुटलेली, किंवा वरचा भाग जुन्या आवृत्तीचा आणि खालचा नव्या आवृत्तीचा असा सांधलेला.

आणखी एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात दिसली. तक्रार ‘अपडेट्स’ आणि ‘सिक्युरिटी’ची आहे, नुसत्या ‘जॅमी’ची नाही. कारण सरळ आहे. मूळ जॅमीची इनरिलीज एप्रिल २०२२ मध्ये आवृत्ती बाहेर आली तेव्हा गोठली, त्यानंतर बदललेली नाही. जी फाइल बदलतच नाही ती कॅशमध्ये शिळी होत नाही आणि तिचे जुने-नवे तुकडेही जुळत नाहीत. अपडेट्स आणि सिक्युरिटी मात्र दिवसातून अनेकदा नव्याने सही होऊन येतात. बदलणाऱ्या फाइली बिघडतात आणि न बदलणारी धडधाकट राहते, हा नमुना दिसला की मी किल्ल्यांकडे बघतसुद्धा नाही, सरळ कॅशकडे जातो.

आता तुमच्याकडे कॅश दोन आहेत, एकामागे एक. कोणती खोटं बोलतेय ते तुमची सेटिंग बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. वरचा स्क्विड तुमच्या हातात आहे की नाही, त्यात कोणी काय लिहून ठेवलंय, लाइन कोणाची आहे, यावर उत्तर बदलतं. पण शोधायची पद्धत बदलत नाही.

लॅबमधलं एक रडणारं मशीन घ्या. कर्ल (फाइल उतरवणारी कमांड) वापरून, प्रॉक्सी म्हणून तुमच्या कॅशरचा पत्ता आणि पोर्ट ३१४२ देऊन, जॅमी-अपडेट्सची इनरिलीज एका फाइलमध्ये उतरवा. मग तीच फाइल, त्याच मिररवरून (भांडाराची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून), स्क्विडमधून थेट उतरवा, त्याचा पोर्ट सहसा ३१२८ असतो. तिसऱ्यांदा मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून, मध्ये कोणीही न ठेवता. तिन्ही प्रती वेगळ्या नावांनी ठेवा. मग प्रत्येकीवर जीपीजीव्ही (सही तपासणारी कमांड) चालवा आणि कीरिंग (किल्ल्यांची फाइल) म्हणून मशीनवरचीच उबुंटू-आर्काइव्ह-कीरिंग द्या. ज्या प्रतीवर ‘गुड सिग्नेचर’ येईल ती निर्दोष. हॉटस्पॉटची चांगली आणि स्क्विडची वाईट असेल तर दोष वर आहे. स्क्विडची चांगली आणि ३१४२ ची वाईट असेल तर दोष तुमच्या डेस्कटॉपवर. तिन्ही चांगल्या आल्या तर मशीनवरच जुना कचरा पडलाय, किंवा डिस्क भरलीय. डिस्क भरली किंवा टेम्प फोल्डरच्या परवानग्या बिघडल्या तरी ॲप्ट सहीच्याच नावाने रडतं, म्हणून डीएफ (डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी कमांड) चालवून बघायला विसरू नका.

नुसते हॅश ताडून निष्कर्ष काढू नका. दोन प्रती उतरवण्यामध्ये नवी आवृत्ती आली असेल तर हॅश वेगळे येणारच, त्यात कोणाची चूक नाही. फाइल उघडून ‘डेट’ची ओळ बघा, वेळ यूटीसीमध्ये असते. आणि वाईट प्रत निघाली तर ती डोळ्यांनी वाचाच, हे लोक करत नाहीत. चांगल्या इनरिलीजची पहिली ओळ ‘बिगिन पीजीपी साइन्ड मेसेज’, मग हॅशची ओळ, एक रिकामी ओळ, मग ओरिजिन, लेबल, सूट, डेट असा मजकूर, आणि अगदी तळाशी ‘एंड पीजीपी सिग्नेचर’. तळाची ओळ गायब असेल तर फाइल तुटलेली आहे. रात्री शिपाई मामा लॅबचा मेन स्विच पाडून जातात आणि कॅशर उतरवता उतरवता मरतो, असल्या ठिकाणी हे मी पाहिलंय. तळ आहे पण सही जुळत नाही, तर सांधलेली.

आणि कधी कधी फाइल उघडल्यावर वेगळंच काही निघतं. हे मुंबईत इतक्या वेळा दिसतं की मुद्दाम सांगतो. छोट्या ऑफिसात, क्लासेसमध्ये, सोसायटीच्या केबलवाल्याची लाइन असते. महिन्याचा रिचार्ज संपला की तो नेट बंद करत नाही. जी एचटीटीपी मागणी येईल तिला आपलं ‘तुमचा प्लॅन संपला आहे’ हे पान उत्तर म्हणून देतो. ब्राउझरमध्ये तुम्ही ते बघता, पैसे भरता, विसरून जाता. पण नेमक्या त्या दहा मिनिटांत कॅशरने इनरिलीज मागितली असेल, तर त्याला ते पान मिळालेलं असतं, वर ‘२०० ओके’ असा शेरा. तो बिचारा ते पान इनरिलीज म्हणून ठेवून देतो. मग ॲप्टवर ‘नोस्प्लिट’ किंवा जुन्या आवृत्तीवर ‘नोडेटा’ असं येतं आणि पुढे विचारतं की नेटवर्कला लॉगिन लागतं का. हा प्रश्न लोक वाचत नाहीत, ॲप्टने मात्र बरोबर ओळखलेलं असतं. तुमच्या बाबतीत हे नसावं, कारण तुम्हाला बॅडसिग येतेय, नोस्प्लिट नाही. पण वाईट प्रत उघडलीत आणि पहिल्याच ओळीत एचटीएमएल दिसलं तर समजून जा. कॅशरच्या सेटिंगमध्ये ‘बॅड-रीडिर-डिटेक्ट-माइम’ नावाची ओळ आहे, तिथे ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ दिलं की वळवून पाठवलेलं एचटीएमएल पान तो नाकारतो. न वळवता थेट २०० देणाऱ्यांपुढे मात्र तिचा उपयोग नाही. तिथे एचटीटीपीएस असलेला मिरर मागे जोडणं हाच उपाय.

आता सफाई. क्रम महत्त्वाचा: वरून खाली. आधी मशीन साफ केलंत तर ते कॅशरकडून तोच कचरा पुन्हा आणेल आणि तुम्ही म्हणाल, ‘सगळं पुसून झालं तरी जात नाही’. तुमचं नेमकं हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे.

कॅशरवर सगळी कॅश उडवू नका. अनेक जीबी डेब फाइली त्यात आहेत आणि त्या निर्दोष आहेत, त्यांचा हॅश ॲप्ट प्रत्येक वेळी तपासतंच. सर्व्हिस थांबवा. ‘/व्हार/कॅश/ॲप्ट-कॅशर-एनजी’ फोल्डरमध्ये फाइंड चालवून इनरिलीज, रिलीज आणि रिलीज-डॉट-जीपीजी एवढ्याच नावांच्या फाइली शोधा. प्रत्येकीच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘डॉट हेड’ लावलेली एक छोटी फाइल दिसेल. तिच्यात त्या फाइलचे एचटीटीपी हेडर साठवलेले असतात. मूळ फाइल उडवून ‘हेड’ ठेवलीत किंवा उलट केलंत तर अर्धवट हिशोब राहतो, म्हणून दोन्ही उडवा. सर्व्हिस सुरू करा. मग मशीनवर ‘/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स’मधल्या फाइली उडवा, आतलं ‘पार्शल’ फोल्डरही रिकामं करा. अर्धवट उतरलेल्या फाइली तिथेच पडून असतात आणि पुढच्या वेळी ॲप्ट उरलेलं शेपूट मागून त्यांना जोडतं. मग ॲप्ट अपडेट. एका मशीनवर जमलं की चाळिसांवर करा.

एवढ्याने आज चालू होईल. पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ नये यासाठी मूळ सेटिंग बघायला हवी.

ॲप्ट-कॅशर-एनजीच्या सेटिंग फाइलमध्ये ‘व्ही-फाइल-यूज-रेंज-ऑप्स’ अशी ओळ आहे. व्ही म्हणजे व्होलाटाइल, बदलत्या फाइली. ती १ असेल तर कॅशर बदलत्या फाइलींसाठीही ‘मला फक्त पुढचा तुकडा दे, फाइल बदलली असेल तर पूर्ण दे’ अशा प्रकारची मागणी पाठवतो. वरचा सर्व्हर नियम पाळणारा असेल तर यात गैर काही नाही. पण काही प्रॉक्सी दुसऱ्या अटीकडे दुर्लक्ष करतात आणि फाइल बदललेली असूनही नुसता तुकडा देतात. वरचा भाग कालचा, खालचा आजचा. सांधलेली इनरिलीज अशी जन्माला येते. ही किंमत ० करा. मग तो ‘अमुक वेळेनंतर बदलली असेल तर पूर्ण फाइल दे’ असं विचारतो. इनरिलीज काही शे केबीची असते, पूर्ण आणली तरी बिघडत काही नाही. तुमच्यासारख्या दोन प्रॉक्सी एकामागे एक असलेल्या मांडणीत मी ही ओळ पहिल्या दिवशीच ० करतो.

आता वरचा स्क्विड. ॲप्ट स्वतः याद्या मागताना ‘मॅक्स-एज शून्य’ असं सांगतं, म्हणजे साठवलेलं देऊ नकोस, आधी मूळ सर्व्हरला विचार. कोरा स्क्विड हे ऐकतो. पण कॉलेजांमधले स्क्विड कोरे नसतात. कधीकाळी लाइन बारीक होती तेव्हा कुणीतरी बँडविड्थ वाचवायला ‘रिफ्रेश-पॅटर्न’च्या ओळींवर ‘इग्नोर-रिलोड’, ‘ओव्हरराइड-एक्स्पायर’ असले पर्याय लावून ठेवलेले असतात. लावणारा सोडून गेलेला असतो, ओळी राहतात. इग्नोर-रिलोड असलं की स्क्विड समोरच्याचं ऐकत नाही, स्वतःचं गणित लावतो. नेहमीची शेवटची ओळ ‘०, २० टक्के, ४३२०’ अशी असते. तिचा अर्थ: सर्व्हरने मुदत सांगितली नसेल तर, फाइल आणली तेव्हा तिचं जितकं वय होतं त्याच्या २० टक्के काळ ती ताजी मानायची, जास्तीत जास्त ४३२० मिनिटं, म्हणजे ३ दिवस. समजा आणताना सिक्युरिटीची इनरिलीज १० तासांपूर्वीची होती. तर पुढचे २ तास स्क्विड कोणालाही न विचारता तीच देणार, मधल्या काळात वर काहीही बदललं तरी. जोडीवाल्या रिपॉझिटरीत रिलीज अशी शिळी, तर रिलीज-डॉट-जीपीजी वेगळ्या वेळी आणलेली म्हणून तिची मुदत वेगळी. जोडी फुटते ती इथे.

यावर दोन उपाय आहेत. स्क्विड तुमच्या हातात असेल तर नियम लिहा. नावाच्या शेवटी डेब असलेल्या फाइली दीर्घकाळ ठेवल्या तरी चालतात, कारण एका आवृत्तीची डेब फाइल पुन्हा बदलत नाही. उबुंटूच्या भांडारातलं स्क्विड-डेब-प्रॉक्सी हे पॅकेज त्यांना १,२९,६०० मिनिटं, म्हणजे ९० दिवस ठेवतं. इनरिलीज, रिलीज, रिलीज-डॉट-जीपीजी आणि पॅकेजेस यांना मात्र ‘०, ० टक्के, ०’ आणि सोबत ‘रिफ्रेश-आयएमएस’. या ओळी सगळ्यात वर हव्यात. स्क्विड वरून खाली वाचतो आणि पहिली जुळणारी ओळ पकडतो. खाली लिहिलेल्या शहाण्या ओळीला वरची वेडी ओळ कधी पोहोचूच देत नाही.

स्क्विड तुमच्या हातात नसेल, आणि बहुधा नसेलच, तर सर्व्हर रूमवाल्या सरांकडे एकच गोष्ट मागा: तुमच्या कॅशरच्या आयपीवरून येणाऱ्या मागण्यांसाठी ‘कॅश डिनाय’. स्क्विडने त्या नुसत्या पुढे पाठवाव्यात, साठवू नयेत. दोन कॅश एकामागे एक ठेवून मिळत काहीच नाही. डेब फाइली तुमच्याकडे साठतायतच. उलट स्क्विडची एका वस्तूची नेहमीची मर्यादा ४ एमबी असते, त्यामुळे मोठी पॅकेजं तो तसाही ठेवत नसण्याची शक्यता आहे. साठवतोय त्या नेमक्या छोट्या, बदलत्या, घातक फाइली. विनंती लिहिताना ‘तुमचा प्रॉक्सी खराब आहे’ असं लिहू नका, काम आठवडाभर अडेल. ‘आमच्या मशीनचा भार तुमच्या कॅशवर नको’ असं लिहा.

निम्मीच मशीन का, हा तुमचा प्रश्न राहिला. एक कारण वेळेचं आहे: ज्यांनी बिघडलेल्या फाइलीच्या काळात विचारलं ती रडली. दुसरं कारण तपासा. निम्म्या मशीनच्या सोर्सेसमध्ये ‘आयएन-डॉट-आर्काइव्ह’ आणि बाकीच्यांमध्ये मुख्य ‘आर्काइव्ह’ आहे का? इन्स्टॉल करताना देश भारत निवडला की पहिलं येतं. ॲप्ट-कॅशर-एनजी हे सगळे मिरर एकच समजून त्यांची एकच प्रत ठेवतो, तुमच्या कॅशमधलं ‘उबुरेप’ फोल्डर ते हेच. जागा वाचते ती त्यामुळेच. पण एखादा मिरर दुसऱ्यापेक्षा काही तास मागे असेल तर एकाची इनरिलीज आणि दुसऱ्याच्या याद्या असं होऊ शकतं. त्यातून बहुतेक वेळा ‘हॅश सम मिसमॅच’ येतं. अलीकडे ‘बाय-हॅश’ सोयीमुळे ते खूप कमी झालंय, कारण याद्या आता नावाऐवजी हॅशनेच मागितल्या जातात आणि जुनी-नवी अशी गल्लत होत नाही. तरी चाळिसांच्या चाळीस मशीनवर एकच मिरर ठेवा. नंतर काही बिघडलं तर शोधायला सोपं जातं.

घड्याळाबद्दलही दोन ओळी. ‘रिलीज फाइल अजून वैध नाही, आणखी इतके तास’ असा संदेश कुठल्या मशीनवर दिसला आणि आकडा साडेपाच तासांच्या आसपास असला, तर कॅश सोडा, घड्याळ बघा. मदरबोर्डचं घड्याळ यूटीसीवर आहे आणि लिनक्स त्याला भारतीय वेळ समजतंय, म्हणून मशीन साडेपाच तास मागे पडलंय. विंडोजसोबत ड्युअल बूट केलेल्या लॅबमध्ये वेळेच्या सेटिंगशी खेळताना हे हमखास होतं. टाइमडेट-सीटीएलने दुरुस्त करा, आणि कॉलेजच्या फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट १२३ (घड्याळ जुळवण्याचा) बंद असेल तर आतला एखादा वेळ सर्व्हर द्या, नाहीतर घड्याळ पुन्हा भरकटेल.

आता ती नो पबकी. इथे ॲप्ट खरंच सांगतंय की ही सही ज्या किल्लीची आहे ती माझ्याकडे नाही. आधी त्या रिपॉझिटरीचा पत्ता बघा. एचटीटीपीएस असेल तर तुमचा कॅशर तिच्यात डोकावूच शकत नाही. तो ‘पास-थ्रू-पॅटर्न’मध्ये परवानगी असेल तर बोगद्यासारखं आरपार सोडतो, नसेल तर ४०३ देऊन अडवतो. पण सही बिघडवू शकत नाही. अपवाद एकच, तुम्ही सोर्सेसमध्ये ‘एचटीटीपीएस’च्या पुढे तीन तिरक्या रेघा असली युक्ती वापरून कॅशरलाच एचटीटीपीएस करायला लावलं असेल तर.

बाहेरच्या रिपॉझिटऱ्या किल्ल्या बदलतात, मुदत संपू देतात. एप्रिल २०२५ मध्ये काली लिनक्सवाल्यांनी तर जाहीरच केलं की रिपॉझिटरीची सही करायची किल्ली आमच्या हातून गेली, सगळ्यांनी नवी बसवा. तेव्हा जगभरच्या काली मशीनवर एकाच वेळी सहीची तक्रार आली, कॅश असो नसो. मुदत संपलेली असेल तर ‘एक्स्पकीसिग’ असं वेगळं दिसतं. उपाय दोन्हींचा सारखाच: नवी किल्ली त्या डेटाबेसवाल्यांच्या स्वतःच्या एचटीटीपीएस साइटवरून घ्या, फिंगरप्रिंट त्यांच्या दस्तऐवजाशी ताडून बघा, ‘/ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज’मध्ये ठेवा आणि सोर्सेसच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ने तिच्याकडे बोट दाखवा. जुनी ‘ॲप्ट-की’ची पद्धत सोडा. तिने टाकलेली किल्ली सगळ्या रिपॉझिटऱ्यांसाठी चालते, हे नको. एक किल्ली एका रिपॉझिटरीपुरतीच असावी.

किल्ली टाकूनही नो पबकी राहिली तर दोन गोष्टी बघा. फाइलची परवानगी ६४४ हवी. रूटच्या कडक उमास्कमुळे (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणाऱ्या सेटिंगमुळे) ती ६०० झाली असेल तर सही तपासणाऱ्या ‘अंडरस्कोर-ॲप्ट’ या युझरला ती वाचताच येत नाही. दुसरी, ‘बिगिन पीजीपी पब्लिक की ब्लॉक’ असा वाचता येणारा मजकूर असलेल्या फाइलला ‘डॉट एएससी’ हेच शेपूट हवं. तीच फाइल ‘डॉट जीपीजी’ नावाने ठेवली तर ॲप्ट तिच्याकडे दुर्लक्ष करतं. मी लोकांना रात्रभर किल्ल्या टाकताना पाहिलंय, आणि शेवटी चुकलेलं असतं ते शेपूट.

एक सावधगिरी तुमच्या स्क्रिप्टसाठी. सही पटली नाही तर ॲप्ट म्हणतं ‘रिपॉझिटरी अपडेट झाली नाही, आधीच्या याद्या वापरतो’, आणि बऱ्याचदा ती नुसती सूचना असते, एक्झिट कोड शून्यच येतो. म्हणजे तुमचा रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) ‘सगळं ठीक’ लिहून मोकळा आणि मशीन कित्येक आठवडे जुन्याच याद्यांवर, सिक्युरिटी अपडेटविना. २२.०४ च्या ॲप्ट-गेट अपडेटला ‘एरर-ऑन’ची किंमत ‘एनी’ देता येते. तसं दिलं की कुठलीही फाइल चुकली तरी तो अपयश दाखवतो. क्रॉनमध्ये तसं लिहा आणि अपयशाचा मेल स्वतःला येऊ द्या.

शेवटी तुम्ही दबक्या आवाजात विचारलंय की ही कॅशच काढून टाकावी का. पाच-सात मशीन असती आणि लाइन बरी असती तर मी हो म्हटलं असतं, एवढा व्याप परवडत नाही. चाळिसांना काढू नका. लिनक्स-फर्मवेअर हे एकच पॅकेज २०० एमबीच्या पुढे आहे. सोमवारी सकाळी चाळीस मशीननी ते एकदम मागितलं तर ८ जीबीच्या वर होतात, आणि वर प्राचार्यांची ऑनलाइन मीटिंग अडकते. व्ही-फाइलची ओळ ० करा, कॅश डिनायचा अर्ज आजच द्या, आणि तोवर एका मशीनवर प्रॉक्सी बंद ठेवून रोज अपडेट चालवून बघत रहा. तिथे चालतंय आणि बाकीच्यांवर नाही असं पुन्हा झालं, तर ३१४२ आणि ३१२८ वरून उतरवलेल्या दोन इनरिलीजच्या पहिल्या दहा आणि शेवटच्या पाच ओळी पाठवा, पुढचं त्यावरून बघू.